डमीची पानं

१

आमच्याकडे दर शनिवारी दुपारी तीनला ब्रिजचा डाव मांडला जायचा. सव्वीस वर्षं. घरात कोणी आजारी असो, रंगकाम चाललेलं असो, तीन वाजता चौकोनी टेबलावर हिरवं कापड पडलंच पाहिजे, असा आमच्या ह्यांचा दंडक होता. हे म्हणजे माझे यजमान. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. ते खिडकीकडे तोंड करून बसत, त्यांच्या समोर मी, डाव्या हाताला त्यांची थोरली बहीण आणि उजव्या हाताला आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणारे दातांचे डॉक्टर.

ज्यांना ब्रिज ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा समोरासमोरच्या जोड्यांचा खेळ. बावन्न पानं चौघांत वाटली की आधी बोली लागते: अमुक हुकूम धरून आम्ही इतके हात करू. बोली चढत जाते, कधी उतरत नाही. बाकीचे तिघं ओळीने पास म्हणाले की शेवटची बोली कायम. मग त्या जोडीतला एक जण खेळतो आणि त्याचा भिडू आपली तेरा पानं टेबलावर उताणी मांडून गप्प बसतो. त्याला डमी म्हणतात. डमीची पानंही खेळणाराच टाकतो. डमीने बोलायचं नाही, सुचवायचं नाही, तोंडसुद्धा वाकडं करायचं नाही.

सव्वीस वर्षं डमी मीच होते. हातात दम नसला तरी हे बोली स्वतःकडे ओढून घ्यायचे. "मांड पानं," म्हणायचे. "आणि आता तोंड मिट." डाव जिंकला तर त्यांचं डोकं, बुडाला तर माझी बोली चुकलेली. नणंदबाई पत्त्यांआडून री ओढायच्या, "मेलं, हिला मोजताच येत नाही. माझं ऐकशील तर भिडू बदल." डॉक्टर छताकडे बघत बसायचे.

गेल्या वर्षी दाढी करता करता हे कोसळले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हॉस्पिटलात नवव्या दिवशी नर्सने विचारलं, "काका, पाणी देऊ?" ह्यांनी डोळे उघडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "पास."

सगळे हसले. मीही हसले. इतक्या वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकला होता.

२

वाचा परत आणण्यासाठी आठवड्यातून दोनदा एक थेरपिस्ट घरी येऊ लागली. चुणचुणीत होती. तिने समजावलं, "असं होतं, काकू. सगळी भाषा जाते, पण घोकून घोकून पाठ झालेलं शिल्लक राहतं. कोणाचे पाढे राहतात, कोणाच्या शिव्या."

ह्यांचं ब्रिज राहिलं. एक ते सात आकडे. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, नो ट्रंप म्हणजे बिनहुकमी. आणि पास, विरुद्ध जोडीच्या बोलीला आव्हान म्हणून डबल, त्याला उलट आव्हान म्हणून रिडबल. मोजून पंधरा शब्द. बोलीत ह्या पंधरांखेरीज सोळावा शब्द उच्चारायला बंदी आहे. त्यांना ते भारी आवडायचं. नव्या माणसाला ते आधी इतिहास ऐकवत. ब्रिजचा पुलाशी काही संबंध नाही, 'बिरिच' नावाच्या जुन्या खेळाचं ते बिघडलेलं नाव. त्याच्याही आधी व्हिस्ट होता. त्यात बोलीच नव्हती, चौघं मुक्याने खेळायचे. चौथा गडी मिळाला नाही की तिघं जण त्याच्या वाटणीची पानं उताणी ठेवून खेळत, आणि त्या नसलेल्या माणसाला डमी म्हणत. डमी म्हणजे मुळात मुका.

"तेव्हा बघा," माझ्याकडे हात करून ते म्हणायचे, "खेळाला चौथा माणूस लागतो, पण तो असलाच पाहिजे असं नाही."

पाहुणे हसायचे. मी बिस्किटांची ताटली पुढे करायची.

थेरपिस्टने पंधरा शब्द कामाला लावायचं ठरवलं. नको असेल तर 'पास', दुखत असेल तर 'डबल'. ह्यांनी तिच्याकडे वर्गातल्या ढ पोरीकडे बघावं तसं बघितलं आणि मान फिरवली. शब्द त्यांना सापडत नव्हते असं नाही. ते आमच्यासाठी नव्हते.

३

तीन वाजले की त्यांना टेबलाशी न्यावं लागे. शनिवारच नाही, रोज. उशीर झाला तर डाव्या हाताने चाकाच्या खुर्चीचा दांडा बडवायचे. टेबलाशी नेलं की शांत. मग कधी पाच मिनिटांनी, कधी तासाने, एखादी बोली. "एक किलवर." आणि गप्प.

ते गप्प बसणंच मला खटकलं.

बोलून झालं की ते डावीकडे बघायचे, नणंदबाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे. थांबायचे. मग समोर, माझ्या खुर्चीकडे. थांबायचे. मग उजवीकडे, डॉक्टरांच्या खुर्चीकडे. पुन्हा तेवढंच थांबणं. मग नजर खाली. बोली अशीच फिरते, डावीकडून. सवय, दुसरं काय, असं मी स्वतःला समजावलं.

पण मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. लाइन मेली आहे की पलीकडे कोणी मुद्दाम गप्प उभं आहे, हे आम्हाला कानाने कळतं. मेलेली लाइन सपाट असते. पलीकडे माणूस असला आणि त्याने माऊथपीसवर तळहात ठेवला असला, तर ती शांतता वेगळी. जवळची. आपल्या कानावर कोणी उशी दाबावी तशी.

त्या तीन थांब्यांत आमची बैठकीची खोली तशी व्हायची.

मी पदराने हात पुसत दारात उभी असायचे. खाली रस्त्यावर रिक्षा, शेजारच्यांचा मिक्सर, आमचं भिंतीवरचं घड्याळ. हे "एक इस्पिक" म्हणायचे आणि त्यातलं काही ऐकू यायचं नाही. मग नजर खाली गेली की मिक्सर पुन्हा सुरू. मी कानात तेल घातलं. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन तपासून आले. कान ठणठणीत होते.

४

हाती आलेलं टिपून ठेवायची माझी जुनी सवय. फोनपाशी वही असते, तीत मी बोल्या लिहू लागले. मंगळवारी एक किलवर. शुक्रवारी एक इस्पिक. पुढच्या सोमवारी दोन बदाम. गुरुवारी तीन चौकट. त्याच्या दुसऱ्या दिवशी रिडबल. मग चार बदाम.

तीन आठवड्यांनी वही दातांच्या डॉक्टरांना दाखवली. ते चहा पीत वाचत होते. दुसऱ्यांदा वाचताना कप खाली ठेवला.

"वहिनी, एकही बोली खाली गेलेली नाही."

"म्हणजे?"

"किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, असा चढता दर्जा. बरळत असता तर कधीतरी चारवरून दोनवर आला असता. हा एकच डाव आहे. तीन आठवडे चाललेला."

"ते नेहमीच विचाराला वेळ घेतात," मी म्हटलं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी 'रिडबल'वर बोट ठेवलं. "आणि हे. विरुद्ध जोडीने डबल दिल्याशिवाय रिडबल म्हणता येत नाही. ही चूक तो झोपेतसुद्धा करणार नाही."

"मग डबल कोणी दिला?"

"त्याच्या डोक्यातल्या कोणीतरी. जुने डाव वाजत असतील आतल्या आत." त्यांनी वही मिटली. मिटलेली वही माझ्याकडे सरकवली, जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून फळांच्या टोपलीमागे ठेवला. संध्याकाळी डॉक्टरांनी आणि मी ऐकलं. घड्याळाची टकटक, खुर्चीचा आवाज, मग ह्यांचा, "पास." टकटक थांबली. अकरा सेकंद. एक टक. पुन्हा अकरा सेकंद काही नाही. एक टक. पुन्हा अकरा. मग टकटक सुरू.

"घड्याळ अडकत असेल," डॉक्टर म्हणाले.

घड्याळ बिनचूक वेळ दाखवत होतं. ते दोघांनाही दिसत होतं.

५

"त्याला डाव द्या, डाव," नणंदबाईंनी फोनवर फर्मावलं. "माणूस पत्त्यांवाचून सुकला मेला." म्हणून त्या शनिवारी आम्ही चौघं पुन्हा बसलो. एका हाताला पानं धरता यावीत म्हणून सुताराकडून खाचेची लाकडी पट्टी करून आणली होती, तीत मी ह्यांची तेरा पानं लावून दिली.

त्यांनी पानांकडे बघितलंच नाही. मी "एक नो ट्रंप" म्हटलं, डॉक्टर तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "पाच चौकट." त्यांच्या पट्टीत चौकटचं एकच पान होतं, मीच लावलं होतं.

"अरे, पाळी डॉक्टरांची!" नणंदबाई ओरडल्या, आणि मध्येच गप्प झाल्या. खोली दाबल्यासारखी झाली. डावीकडचा थांबा गेला. हे माझ्याकडे वळले.

तेव्हा मला कळलं की समोरच्या खुर्चीत बसणं म्हणजे काय. माझ्या घशात एक शब्द वर आला. मी तो आणला नव्हता. जीभ आपोआप टाळूला लागली, ओठ मिटले, श्वास भरला गेला. आणि डोळ्यांपुढे पानं दिसली, माझ्या हातातली नव्हेत, दुसरीच तेरा: मळकी, कडा झिजलेली, आणि त्यांवर चित्रं नव्हती. मी जीभ दातांत धरली, रक्त येईपर्यंत. अकरा सेकंद. मग नजर उजवीकडे गेली आणि माझा घसा मोकळा झाला.

"ठसका लागला," मी म्हटलं.

ह्यांच्या तोंडाची चालती बाजू हसली. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. डाव माझ्यामुळे बुडाला की ते तसंच हसायचे.

डॉक्टर कान चोळत उठले. एका पेशंटला वेळ दिलाय, म्हणाले. शनिवारी ते कधीच पेशंट घेत नाहीत.

६

पुढच्या आठवड्यात नणंदबाई बॅग घेऊन राहायलाच आल्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. "तुझ्याच्याने होणार नाही," मला म्हणाल्या. "माझं ऐकशील तर तू स्वयंपाकघर बघ." त्या ह्यांना भरवायच्या, त्यांचे केस विंचरायच्या, त्यांच्याशी अखंड बोलायच्या. बसायच्या मात्र आपल्या जुन्या जागी, डाव्या हाताला.

बुधवारी मला औषधं आणायला जायचं होतं. तीन वाजत आले होते. मी चपला घालताना म्हटलं, "ताई, तुम्ही समोर बसा ना. म्हणजे ते तुमच्याकडे बघतील."

हे वाक्य मी नंतर किती वेळा उलटंपालटं करून बघितलं. सहज म्हटलं होतं का? त्या खुर्चीत मला बसायचं नव्हतं, एवढं खरं आहे. पण तेवढंच खरं नाही.

"शहाणी झालीस की," त्या म्हणाल्या आणि उठून समोर जाऊन बसल्या.

औषधांच्या दुकानात गर्दी नव्हती. वीस मिनिटांत परत आले. दार उघडून एक चप्पल काढली, दुसरी काढायला वाकले, तेवढ्यात आतून ह्यांचा आवाज आला.

"सहा इस्पिक."

एक थांबा. चप्पल माझ्या हातात. दुसरा थांबा. तिसरा. मी मनात मोजत होते, तेहतीस सेकंद. तिघंही पास. बोली संपली होती.

मी आत गेले. नणंदबाई ताठ बसल्या होत्या. माझ्या डोळ्यांदेखत त्यांचे दोन्ही हात मांडीवरून वर आले आणि टेबलावर उताणे पडले, बोटं पसरलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. त्यांच्यासारख्या बाईचं तोंड, जे कधी मिटलं म्हणून नव्हतं. त्यातून हवा आली, आणि काही नाही.

७

"भावाचं तेच बहिणीचं," हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. "घराण्यात असतं." हातपाय चालत होते, गिळता येत होतं. फक्त भाषा गेली होती, आणि ती सगळी. पाढे नाहीत, शिव्या नाहीत, एक शब्द नाही. चौथ्या दिवशी मी त्यांना घरी आणून आतल्या खोलीत झोपवलं. दुसरं कोण होतं त्यांना?

त्याच दुपारी टेबलाशी बसल्यावर हे म्हणाले, "मेला पंखा किती कुरकुरतो."

थेरपिस्ट समोरच्या सोफ्यावर होती. तिने टाळ्याच वाजवल्या. "काकू! पूर्ण वाक्य!"

मी पंखा बंद केला. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने 'मेला' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मी दमले."

"दमलो," थेरपिस्टने हळूच सुधारलं. "काका, म्हणा, दमलो."

त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"होतो असा गोंधळ," ती मला म्हणाली. "पुरुष बायकी क्रियापद वापरतात, बायका पुरुषी. वाचा परत येतेय, हे महत्त्वाचं." समजूतदार बोलणं होतं, आणि माझाही त्यावर विश्वास बसला असता. पण मी आतल्या खोलीत डोकावले. नणंदबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि ओठ चाचपत होत्या, चष्मा विसरलेला माणूस खिसे चाचपतो तशा.

मी वही काढली. तिसरं वाक्य: "फळा पुसा गं पोरींनो." चौथं: "गुडघ्याला तेल लावायचं राहिलं." पाचवं त्यांनी माझ्याकडे तोंड करून म्हटलं. आवाज ह्यांचाच होता, पण नाकातला हेल बहिणीचा.

"मी ह्याला तेव्हाच म्हटलं होतं, ही मुलगी करू नकोस."

संध्याकाळी मी खाली जाऊन डॉक्टरांना पाचही वाक्यं वाचून दाखवली. ते बराच वेळ नळ सोडून हात धूत उभे होते.

"डमीची तेरा पानं असतात," ते नळाकडे बघत म्हणाले.

"मला माहीत आहे."

"वहिनी, मी आता वर येणार नाही. राग मानू नका." नळ बंद न करताच त्यांनी दार लावून घेतलं.

८

रोज एक, कधी दोन. बोललेलं वाक्य पुन्हा येत नसे. टाकलेलं पान परत उचलता येत नाही.

मी काय केलं असं कोणीही विचारेल. सगळं केलं. ह्यांना टेबलाशी न्यायचं बंद केलं, तर ते पलंगावरून बोलले. नणंदबाईंना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, तर ह्यांनी घरी शेजारणीपाशी दोन वाक्यं टाकून दिली. शेजारीण कौतुकाने सांगायला आली. "अगदी ताईंसारखं बोलतात हो! भावंडंच ती." मी नणंदबाईंच्या पलंगाशी बसून त्यांना एक तरी शब्द शिकवायचा प्रयत्न केला. पाणी. आई. नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि डोळ्यांतून पाणी यायचं. मला त्या कधी आवडल्या नव्हत्या. त्या आठ दिवसांत त्यांचा हात मात्र मी सोडला नाही.

बारा वाक्यं झाली ती सोमवारी सकाळी. दुपारी तीनला मी ह्यांना स्वतःच टेबलाशी नेलं. संपायचं असेल तर संपू दे, असं मनात होतं. ह्याचंही काय ते उत्तर मला द्यावं लागेल.

आमच्या पॅसेजमधून दोन्ही खोल्या दिसतात. डावीकडे नणंदबाईंचा पलंग, उजवीकडे टेबल. मी मधोमध भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

रिक्षांचा आवाज बंद झाला. घड्याळ बंद झालं. नणंदबाईंनी मान वर केली, आणि त्यांचे ओठ हलू लागले. आवाज नाही, नुसते ओठ, सावकाश. त्याच क्षणी ह्यांनी डावा हात टेबलावर लांब केला, समोरच्या रिकाम्या जागेपर्यंत, दोन बोटं कापडावर ठेवली आणि काहीतरी अलगद स्वतःकडे ओढलं. डमीचं पान ओढतात तसं.

आणि मी खुर्च्यांकडे बघितलं. बघायचं नव्हतं. वेताच्या खुर्च्या आहेत आमच्या, कोणी बसलं की वीण खाली जाते. डावीकडच्या आणि उजवीकडच्या खुर्चीची वीण खाली गेलेली होती, चांगली खोल, टेबलावर कोपरं टेकून पुढे झुकलेल्या माणसांची जाते तशी. उजवीकडची करकरली आणि बोटभर वर आली. ते जे कोणी होतं ते मागे टेकलं. मग ते माझ्याकडे वळलं असावं, कारण खुर्चीचे मागचे दोन पाय फरशीवर जरासे फिरले.

ह्यांनी तोंड उघडलं. आतून चार-पाच वर्षांच्या मुलीचा आवाज आला.

"आई, दार उघड ना."

घड्याळ सुरू झालं. नणंदबाईंचे ओठ थांबले होते. मी जाऊन त्यांचे डोळे मिटले.

९

सुतकाचे दिवस तरी शांततेत गेले. अकराव्या दिवशी दुपारी हे म्हणाले, "एक चौकट."

मी समोरची खुर्ची उचलून माळ्यावर टाकली. त्याने काही झालं नाही. आता ते माझ्या तोंडासमोर येऊ लागले. मी ओट्याशी उभी असले की डाव्या हाताने चाक फिरवत दारात यायचे आणि नेमके समोर थांबायचे. मी जागा बदलली की चाक वळायचं. "दोन किलवर." माझी जीभ टाळूला लागायची. दिवसभर तोंडात रुमालाचा बोळा धरून मी घरात वावरत होते. चौथ्या दिवशी वृद्धाश्रमाला फोन केला.

चांगला आश्रम आहे. बाग, स्वच्छ खोल्या, जेवायला चौघाचौघांची टेबलं. मॅट्रन गोड बाई, गोल चेहऱ्याच्या, आवाज असा की ऐकत राहावं. त्यांनी माझ्यापुढे फॉर्म ठेवला. शेवटचा रकाना: विशेष सूचना.

मी लिहिलं, मीठ कमी. पेन तसंच धरून बसले. मग नवी ओळ घेतली आणि 'स' काढला. समोर कोणाला बसवू नये, एवढंच लिहायचं होतं. मॅट्रन बघत होत्या. काय म्हणाल्या असत्या? का म्हणून विचारलं असतं, मग मी काय सांगितलं असतं, आणि मग त्यांनी ह्यांना ठेवून घेतलं असतं का? ह्या सगळ्याला एखादा श्वास लागला असेल. मी 'स'पुढे लिहिलं: सकाळी दूध कोमट लागतं.

त्या रात्री मला गाढ झोप लागली. हेही लिहून ठेवते.

सहा आठवडे झाले. मॅट्रनबाई दर रविवारी सकाळी फोन करतात. आधी म्हणायच्या, बोलत नाहीत फारसे, पत्त्यांचं काहीतरी पुटपुटतात. परवाच्या रविवारी मात्र आवाजात आनंद मावत नव्हता.

"खूपच सुधारणा आहे हो! काल जेवताना किती बोलले. म्हणाले, तीस वर्षं ट्रक चालवला, घाटात एकदा ब्रेक गेला होता. कधी सांगितलं नाहीत तुम्ही, सर ट्रक चालवायचे म्हणून?"

मी विचारलं, "त्यांच्या समोर कोण बसतं?"

"आमचे ड्रायव्हरकाका बसायचे. त्यांची तब्येत मात्र एकदम ढासळली बघा. बोलणंच बंद झालंय, आता अंथरुणावरच आहेत. सर समोरच्या जागेकडे बघत राहतात. वाईट वाटतं. तुम्ही येऊन बसाल का एक-दोन दिवस, जेवायच्या वेळेला?"

"मला नाही जमणार," मी म्हटलं.

"हरकत नाही." त्या मोकळं हसल्या. फार छान हसतात. "मग मीच बसत जाईन त्यांच्यासमोर. मलाही जेवताना गप्पा लागतातच."

फोनची वायर माझ्या बोटाभोवती गुंडाळलेली होती. बोट पांढरं पडलं होतं. पलीकडे त्या वाट बघत होत्या, मागे भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी त्यांना हाक मारत होतं.

"बरं," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.